तगरचे कापड आणि पुरुषांचा पेहराव



पुरुषांच्या कपड्यांवर इतिहासाचे व्याख्यान होणार, हे पत्रिकेत वाचून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. कपडा हा शिंप्याचा, दुकानदाराचा, फार तर लग्नघरातला विषय. त्यात इतिहास तो कसला? काही वर्षांपूर्वी आम्हीही असेच विचारले असते. पण एकदा मुंबईत असताना एका आप्ताच्या आग्रहाखातर आम्ही पुरुषांच्या नव्या पोशाखांचा एक 'शो' पाहावयास गेलो, आणि तेथून परतताना हा विषय डोक्यात शिरला तो निघेना.

कीर्तन, तमाशा, कुस्तीचा फड, नाटक हे सारे आम्ही पाहिलेले. पण असला खेळ पाहण्याची ती पहिलीच खेप. मध्यभागी लांबच लांब पांढरा मंच होता. त्याला रॅम्प म्हणतात. दोन्ही अंगांना खुर्च्या मांडलेल्या होत्या, आणि पहिल्या रांगेत कोणी बसावयाचे हे आधीच ठरलेले होते. वेळ उलटून पाऊण तास झाल्यावर दिवे मालवले, वाद्ये वाजू लागली आणि तरणेताठे पुरुष एकामागून एक चालत आले. मंचाच्या टोकाशी क्षणभर उभे राहावे, वळावे आणि निघून जावे, एवढेच त्यांचे काम. कोणी हसले नाही, कोणी अवाक्षर बोलले नाही. आम्ही त्यांचे चेहरे न्याहाळीत होतो, तेव्हा शेजारचा तरुण हळूच म्हणाला, "काका, माणसाकडे पाहू नका, कपड्याकडे पाहा." पंधरा मिनिटांत सारे आटोपले. शेवटी कपड्यांचा रचनाकार, म्हणजे डिझायनर, स्वतः येऊन हात जोडून गेला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

आमच्या हाती एक पत्रक दिले होते. त्यावर डिझायनरचे नाव ठळक अक्षरांत होते. वाद्ये वाजविणाऱ्यांची, केस विंचरणाऱ्यांचीही नावे होती. कापडाविषयी 'हातमागावरचे सुती' एवढेच दोन शब्द. ते कोणत्या गावच्या मागावर विणले, कोणी विणले, याचा पत्ता नव्हता. आम्ही पडलो तेरकर. आम्हाला ही गोष्ट थोडी लागली. आणि ती का लागली हे सांगण्यासाठी आपणांस जवळजवळ दोन हजार वर्षे मागे न्यावे लागेल.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषा लिहिणाऱ्या एका अनामिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या व्यापाराची एक वाटाडी वही लिहून ठेविली. 'पेरिप्लस' या नावाने ती प्रसिद्ध आहे. कोणत्या बंदरात काय विकते, काय मिळते, वारा कोणत्या महिन्यात अनुकूल असतो, अशी रोखठोक माहिती तीत आहे. त्या वहीत दक्षिणापथातील दोन मोठ्या बाजारपेठांची नावे येतात. पहिली पैठण. भडोचहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर. दुसरी तिच्याही पलीकडे दहा दिवसांच्या वाटेवर असलेले फार मोठे नगर, तगर. पैठणहून भडोचला अकीक जातीचे दगड जात, आणि तगरहून जाई कापड: साधे कापड पुष्कळ, तलम मलमलीचे सर्व प्रकार, आणि 'मोलोखिना' या नावाने ओळखले जाणारे सुती वाण. हा माल गाड्यांतून, जेथे नीट रस्ता नाही अशा मोठमोठ्या मुलखांतून बंदरावर उतरे.

हे तगर म्हणजे कोणते गाव, याविषयी विद्वानांत पुष्कळ वाद झाला. कोणी देवगिरी म्हटले, कोणी जुन्नर, कोणी बीडकडचे धारूर. कोकणचे व कोल्हापूरचे शिलाहार राजे स्वतःस 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवीत. त्यामुळे तगर हे एक नामांकित नगर होते एवढे सर्वांस ठाऊक होते, पण ते सापडत नव्हते. १९०१ साली फ्लीट या पंडिताने तगर म्हणजे आपले तेर, असे मांडले. त्याच सुमारास कझन्स हा पुराणवस्तुखात्याचा अधिकारी येथे येऊन त्रिविक्रमाचे विटांचे देऊळ आणि तेरणेकाठची पांढरीची टेकाडे पाहून गेला. पुढे १९५८ साली चापेकरांनी येथे उत्खनन केले, आणि सातवाहनकालीन वस्ती जमिनीतून वर आली. नकाशा घेऊन आपणच मोजून पाहावे. पैठण ते तेर हे अंतर सरळ रेषेत सुमारे दीडशे किलोमीटर भरते. लादलेली बैलगाडी दिवसाला पाच कोस चालली तर दहा दिवस होतात. त्या परदेशी वाण्याचा हिशेब चुकला नव्हता.

आता त्याच्या यादीकडे जरा बारकाईने पाहू. तलम मलमलीचा उल्लेख आपण मोठ्या अभिमानाने करतो. पण तगरच्या मालात त्याने पहिले नाव घेतले आहे ते साध्या कापडाचे, आणि तेच 'पुष्कळ' होते असे तो सांगतो. याचा अर्थ सरळ आहे. राजेरजवाड्यांच्या अंगावर जाणारे विरविरीत वस्त्र येथे विणले जाई. पण या गावच्या मागांचे पोट भरे ते सामान्य माणसाच्या कापडावर. कुठल्या तरी परक्या बंदरातला हमाल, खलाशी, कारकून ज्या कापडाने अंग झाकीत असे, त्याचा धागा कदाचित तेरणेच्या काठी कातला गेला असेल.

हा व्यवहार एकतर्फीही नव्हता. भडोच बंदरी परदेशांतून काय येई, याचीही यादी त्या वहीत आहे. इटलीची दारू, तांबे, कथील, शिसे, पोवळे, काच, सोन्याचांदीची नाणी. आणि त्यांतच हातभर रुंदीचे रंगीबेरंगी कमरपट्टे! राजासाठी उंची, बिननक्षीची वस्त्रे वेगळी येत. ज्या मुलखातून जहाजे भरभरून कापड जात होते, त्याच मुलखात परदेशी कमरपट्ट्यालाही गिऱ्हाईक होते. मनुष्यस्वभाव त्या काळीही असाच होता. घरचे कापड विकावे आणि बाहेरचा पट्टा मिरवावा!

त्या काळी आपल्याकडचे पुरुष नेसत तरी काय? कार्ल्याच्या चैत्याच्या दर्शनी भागावर कोरलेली स्त्रीपुरुषांची जोडपी आपणांपैकी अनेकांनी पाहिली असतील. पुरुषाच्या कमरेला नेसूचे वस्त्र, आणि डोक्यावर भले मोठे, गाठ मारलेले पागोटे. अंगात शिवलेले काही नाही. कात्री न लागलेले, मागावरून उतरले तसेच कापड. सारी कला नेसण्यात आणि बांधण्यात. आपल्या गावच्या संग्रहालयात कै. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर वेचून गोळा केलेल्या वस्तू आहेत. त्यांतील पांढऱ्या मातीच्या बाहुल्या पाहा. बोटभर आकाराच्या त्या मूर्तींवर केशरचना आणि शिरोभूषणे किती निगुतीने दाखविली आहेत! तेथेच हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे. तिच्याशी साम्य असलेली दुसरी मूर्ती इटलीतील पाँपेई या शहरात १९३८ साली सापडली. ते शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले होते. इकडील कारागिरांचा हात तिकडे ओळखीचा होता, याला आणखी कोणता पुरावा हवा?

त्या रोमी लोकांत पुरुषाचा पोशाख ही सरकारी बाब होती. टोगा नावाचे भले मोठे पांघरूण फक्त रोमच्या नागरिकाने घ्यावे असा दंडक होता, आणि नगराच्या मुख्य चौकात टोग्यावाचून कोणी उभे राहू नये अशी ऑगस्टस बादशहाने तंबी दिली होती. इ. स. १६ मध्ये तेथील सिनेटने पुरुषांनी रेशमी वस्त्रे वापरू नयेत असा ठरावच केला. पुढे प्लिनी नावाच्या ग्रंथकाराने हिंदुस्थान दरसाल आपल्या साम्राज्याचे पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो अशी तक्रार लिहून ठेविली. सेस्टर्स हे त्यांचे नाणे. पुरुषाने काय ल्यावे यावर राज्यसभेत खल होतो, याचे आज आपणांस हसू येते. पण कपडा हे माणसाच्या पायरीचे निशाण आहे, हे त्यांनी नेमके ओळखले होते.

येथे स्वाभाविकच प्रश्न येतो. एवढे कापड विणणाऱ्या विणकराची पायरी कोणती होती? तेरच्या विणकरांचा लेख आपल्याला सापडलेला नाही, पण त्यांच्या व्यवसायबंधूंचा नाशिकच्या लेण्यांत आहे. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापणांची कायम ठेव ठेविली. ती त्याने कोणाकडे ठेवावी? सावकाराकडे नव्हे, राजाच्या खजिन्यातही नव्हे. गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या श्रेणींकडे! श्रेणी म्हणजे धंदेवाल्यांचा संघ. एका श्रेणीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे एक हजार, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. दोन हजारांचे व्याज वर्षाला दोनशे चाळीस होते. त्यातून वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रांसाठी मिळत. हिशेब पैपर्यंत जुळतो. हा व्यवहार नगरसभेत जाहीर केला आणि दगडावर कोरून ठेविला. ज्याचा राजाच्या जावयाने विश्वास धरावा, ज्याची पत दगडावर लिहावी, असा विणकर त्या काळी महाराष्ट्रात होता. एकेकट्या विणकराचे नाव तेथे नाही; पण संघाचे आहे, गावाचे आहे. ही गोष्ट आपण ध्यानात ठेवू.

आता मध्यंतरीची शतके ओलांडून आपण दरबारात येऊ. आम्ही मुंबईत जो शो पाहिला, त्याचा खरा पूर्वज आमच्या मते दरबार होय. लांबलचक दालन, दोन्ही अंगांना मानाप्रमाणे उभी असलेली माणसे, मधून चालत जाणारा पुरुष, आणि सर्वांचे डोळे त्याच्या अंगावरच्या वस्त्रांवर. मोगल दरबारात बादशहाकडून मिळणारा पोशाख, म्हणजे खिलत, ही नुसती भेट नसे. ती घालणे म्हणजे देणाऱ्याचे श्रेष्ठत्व अंगावर घेणे. मे १६६६ मध्ये आग्र्याच्या दरबारात शाहजाद्यांना, वजीर जाफरखानाला आणि जसवंतसिंहाला खिलती मिळाल्या, आणि शिवाजीमहाराजांना मागे उभे ठेवले. महाराजांचा संताप झाला तो सर्वश्रुत आहे. त्यांना शांत करण्यासाठी मागाहून खिलत देऊ केली, तेव्हा त्यांनी ती घेण्यास साफ नकार दिला. एक वस्त्र न घालणे हीदेखील इतिहासातली मोठी घटना होऊ शकते, ती अशी.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, तिकडे लंडनमध्ये दुसरा चार्ल्स राजा आपल्या मंत्र्यांपुढे जाहीर करीत होता की, यापुढे आपण 'व्हेस्ट' नावाचा नवा अंगरखा घालणार आणि ती चाल मोडणार नाही. पेप्स या त्याच्या अधिकाऱ्याने हे आपल्या रोजनिशीत टिपून ठेविले आहे. एव्हलिन या दुसऱ्या रोजनिशीकाराने हा पोशाख इराणी धर्तीचा असल्याचे लिहिले आहे. त्या अंगरख्यापासूनच पुढे वेस्कोट आले आणि कोट, वेस्कोट व पाटलोण असा तीन वस्त्रांचा साहेबी पोशाख घडत गेला. ज्याला आपण अस्सल विलायती समजतो, त्याच्या पोटात पूर्वेचे अस्तर आहे!

आपल्या मराठी भाषेनेही ही दरबारी समजूत जपून ठेविली आहे. १७२० साली बाजीरावांना पेशवेपद मिळाले, हे आपण कसे सांगतो? 'पेशवाईची वस्त्रे मिळाली' असे. पद आणि वस्त्र ही एकच गोष्ट. आपला हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तेथील दरबारात शेरवानी आणि डोईवर दस्तार घालून जाण्याचा रिवाज होता. तालुक्याच्या कचेरीत शेरवानीच्या गुंड्या गळ्यापर्यंत लावून जाणारे आजोबा पुष्कळांच्या घरच्या जुन्या तसबिरींत अजून सापडतील.

मग हा दरबार जाऊन रॅम्प केव्हा आला? युरोपात अठराव्या शतकाच्या अखेरीस पुरुषांनी जरी, झालर आणि भडक रंग टाकून दिले आणि काळ्याकरड्या पोशाखाचा स्वीकार केला. फ्लूगेल या मानसशास्त्रज्ञाने १९३० साली या घटनेला पुरुषांचा मोठा त्याग असे नाव दिले. नटणे हे बायकांचे काम ठरले, आणि म्हणून जिवंत माणसांच्या अंगावर कपडे घालून गिऱ्हाइकाला दाखविण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये रूढ झाली तीही बायकांच्या कपड्यांपुरती. पुरुषांच्या पोशाखाचा पहिला रॅम्प-शो म्हणून ज्याचा उल्लेख होतो, तो १९५२ साली इटलीतील फ्लॉरेन्स येथे, पिट्टी राजवाड्याच्या पांढऱ्या दिवाणखान्यात झाला. ब्रिओनी या रोमच्या शिंपीपेढीने तो केला. पुन्हा राजवाडाच, पाहा! १९६० मध्ये पॅरिसच्या पिएर कार्दँने धंदेवाईक मॉडेलांऐवजी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या अंगावर आपले कपडे दाखविले. आपल्याकडे फक्त पुरुषांच्या पोशाखाचा पहिला सप्ताह २००९ साली दिल्लीत भरला. तेव्हा ही चाल आपणांस नवी वाटली तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. ती जगालाच फार जुनी नाही.

परंतु पुरुषाचा पोशाख लोकांपुढे मांडण्याचे सर्वांत मोठे प्रसंग या दिव्यांच्या झगमगाटात घडलेले नाहीत. सप्टेंबर १९२१ मध्ये मदुरेस गांधीजींनी अंगरखा आणि टोपी टाकून पंचा नेसला. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब आंबेडकरांनी दलित स्त्रियांना हीनत्वाची खूण ठरलेली नेसण्याची रीत टाकून देण्यास सांगितले. आणि १९३१ साली लंडनच्या गोलमेज परिषदेत हे दोघे एकाच सभागृहात होते: एक खादीच्या पंचात, दुसरे निर्दोष शिवलेल्या सुटात. वरवर पाहणाऱ्याला यात देशी-विलायतीचा झगडा दिसेल. आम्हाला तसे वाटत नाही. ज्याला भरपूर नेसण्याचा अधिकार जन्मतःच होता त्याने तो स्वखुशीने सोडला. आणि ज्यांच्या समाजाला चांगले वस्त्र ल्यायलाच मनाई होती त्यांनी ते ताठ मानेने अंगावर घातले. दोघांचे कपडे बोलत होते, आणि दोघेही खरेच बोलत होते.

या साऱ्या इतिहासातून आम्हास एक गोष्ट दिसते. पुरुषाचा पेहराव नेहमीच कोणासमोर तरी मांडला गेला आहे. फरक पडत गेला तो कोणाचे नाव पुकारले जाते यात. पेरिप्लसच्या काळी नाव गावाचे होते: तगरचे कापड. नाशिकच्या लेखात नाव विणकरांच्या श्रेणीचे होते. दरबारात नाव देणाऱ्या बादशहाचे झाले. आज ते डिझायनरचे आहे. डिझायनरच्या बुद्धीला आम्ही कमी लेखीत नाही. कापड कोठे कापावे आणि कोठे सोडावे हे ज्ञान मोठे आहे. पण कापलेल्या कापडाला जर शिल्पकार असतो, तर विणलेल्या कापडाला का नसावा?

हे निव्वळ मानापमानाचे प्रकरण नव्हे. ते पोटाचेही आहे. ज्या मालावर गावाचे नाव नाही त्याचा भाव दुसरा कोणी ठरवितो. १८७७ मध्ये आपल्या शेजारच्या सोलापुरात कापडाची गिरणी निघाली, तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी त्या शहरात माग घातले, आणि गिरण्या बंद पडल्यावरही सोलापूर कापडावर उभे राहिले, कारण चादरीवर सोलापूरचे नाव होते. सोलापुरी चादर आणि पैठणी यांना आज कायद्याने भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. तगरच्या मलमलीला असे काही मिळणार नाही. ते माग केव्हाच थांबले. नाव राहिले ते एका परदेशी वाण्याने प्रामाणिकपणे लिहून ठेविले म्हणून. त्याला त्या कापडात नफा कमवावयाचा होता, तरी माल कोणत्या गावचा हे सांगावयास तो विसरला नाही. आमच्या हाती आलेल्या त्या गुळगुळीत पत्रकाला एवढेही साधले नव्हते.

आता अखेरचे. आजच्या या समारंभाच्या आरंभी आपण आमच्या खांद्यावर शाल घातली आणि डोक्याला फेटा बांधला. दरबार गेले, खिलत राहिली. फक्त ती आता बादशहाऐवजी गावकरी देतात, आणि म्हणून ती घेताना मान झुकविण्यात कमीपणा वाटत नाही. आम्ही ती शाल बसल्या जागी उलटून पाहिली. कोपऱ्यात कागदाची एक चिठ्ठी आहे, तीवर दुकानाचे नाव आहे, किंमत खोडलेली आहे. गाव नाही. यात आपला दोष काढण्याचा हेतू नाही. आम्हीही आजवर कधी विचारले नव्हते. पण ज्या गावाचे नाव कापडामुळे समुद्रापार गेले, त्या गावाने तरी पुढच्या वर्षी शाल घेताना दुकानदाराला एक प्रश्न विचारावा: ही कोणत्या गावच्या मागावरची? त्याला सांगता आले तर ते गाव सभेत मोठ्याने वाचून दाखवावे, आणि मगच ती पाहुण्याच्या खांद्यावर घालावी.

एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.